सत्कारात गेलेला सेकंड हाफ

त्या दिवशी मुलुंडच्या मैदानावर आमच्यातलं कोण कोण होतं ते आधी सांगते. मी, माझी सून, आमची शेजारीण, नातीची कोच मॅडम, आणि नात. मुलगा नव्हता. तो जाऊन बरीच वर्षं झाली. मागे मी आणि सुनेने मिळून पोर वाढवली. ती हॉस्पिटलात आया, मी लोकांकडे पोळ्या लाटायला. घाटकोपरच्या डोंगरावर नळ नव्हता तेव्हा खालून हंडे चढवले. त्याचं काय सांगायचं, सगळ्यांनीच चढवले. माझा राग त्या हंड्यांचा नाहीच. राग त्या मैदानावरचा आहे.

खेळाचं नाव लॅक्रोस. लांब काठी, तिच्या टोकाला जाळी, मोठ्या गाळणीसारखी. त्यात रबरी चेंडू झेलायचा, पळायचं, आणि समोरच्यांच्या गोलात मारायचा. चेंडू अंगावर बसला तर कातडी काळीनिळी होते. शाळेत एका सरांनी शिकवला आणि पोरीला त्याचं वेडच लागलं. मग या खेळाची पगारी लीग निघाली, पहिलीच, आणि एका टीमने हिला गोलकीपर म्हणून घेतलं. पण दुसरी गोलकीपर. पहिलीला काही झालं तर ही.

सून तेव्हाच बोलली, "एकच सीझन. खेळलीस, कोणाच्या नजरेत आलीस, तर पुढचं बघू. नाहीतर लॅबमधलं काम बघून ठेवलंय, गुपचूप जायचं."

"डन," नात म्हणाली.

पहिल्या गोलकीपरला काही झालं नाही. देवाची कृपा, कोणाला काही होऊ नये. पण आमची पोर प्रत्येक मॅचला हेल्मेट, छातीचं पॅड, सगळं चढवून उन्हात बाकड्यावर बसायची. शेजारीण म्हणायची, "काय गं, नव्या फ्रिजसारखी कव्हर घालून ठेवलीय हिला?" नातही हसायची. घरी आली की पॅड पुसून ठेवायची. खेळलीच नव्हती, तरी पुसायची.

शेवटच्या मॅचला मॅडम आमच्याजवळ आल्या. "आजी, आज सेकंड हाफ हिचा. शब्द देते." बाईने मनापासून सांगितलं होतं. तिचा दोष नाही.

पहिला हाफ झाला. नात उठून जागच्या जागी उड्या मारायला लागली, अंग मोकळं करायला. तेवढ्यात माइकवर आवाज आला, प्रमुख पाहुण्यांचं आगमन झालेलं आहे. यायचे होते मॅच सुरू व्हायच्या आधी, आले मध्येच. स्टेज बांधलेलं गोलच्या मागे. पाहुण्यांच्या बुटांना माती लागू नये म्हणून दोघांनी लाल गालिचा आणला आणि थेट गोलच्या तोंडासमोर अंथरला. जिथे माझी नात उभी राहणार होती तिथे. त्यावर टेबल आलं, टेबलावर शाली आणि नारळ.

मग सुरू झालं. पाहुण्यांचा सत्कार. पाहुण्यांच्या भावाचा सत्कार. मांडववाल्याचा, साउंडवाल्याचा, पाण्याच्या बाटल्या दिल्या त्याचा. प्रत्येकाला शाल, नारळ, फोटो. फोटो हलला तर परत शाल काढून परत घालायची. आमच्या मंडळात पण सत्कार होतात. पण आरती अर्ध्यावर थांबवून कोणी कोणाला शाल घालत नाही. पाहुणे भाषणात म्हणाले, मुलींनी पुढे आलं पाहिजे. मुली दोरीच्या पलीकडे उभ्या होत्या. दोरी यांनीच बांधलेली.

"आजी, किती वेळ चालेल गं हे?" नातीने हेल्मेटमधूनच विचारलं.

"संपेल," मी म्हटलं.

तेवढ्यात माझंच नाव पुकारलं. सर्वात ज्येष्ठ प्रेक्षक म्हणून आजींचा सत्कार. मी उठणार नव्हते. मग म्हटलं, तिथे माइक आहे. गेले. माइक धरला आणि बोलले, "माझा सत्कार नको. हा गालिचा उचला आणि पोरींना खेळू द्या."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माइकवाला म्हणाला, "बघा, आजींचे आशीर्वाद मिळाले." माझ्या खांद्यावर शाल टाकली, फोटो काढला आणि पुढचं नाव घेतलं.

गालिचा उचलला तोवर गेटातून खुर्च्यांचा टेम्पो आत आला. संध्याकाळी त्याच मैदानात कोणाचं तरी रिसेप्शन. लीगवाला म्हणाला, "टाइम संपला. फर्स्ट हाफचा स्कोर धरा." मॅडम भांडल्या. तो म्हणाला, "पुढच्या सीझनला बघू ना, मॅडम."

"पुढच्या सीझनला ही पोरगी नसेल."

"मग दुसरी येईल," तो म्हणाला. हसून म्हणाला.

नातीने बाकड्यावर बसून पॅडचे पट्टे सोडले. रडली नाही. मीही नाही. रडून टेम्पो मागे जाणार होता थोडाच.

रिक्षात सून हळूच म्हणाली, "एक सीझन झाला."

"झाला कुठे?" मी म्हटलं. "तिला खेळताना कोणी बघितलं? मग झाला कसा?"

"आई, लॅबवाले थांबणार नाहीत हो." तेही खरंच होतं. नात मध्ये बसलेली, म्हणाली, "जाऊ दे ना आजी. मी डन बोलले होते."

आता ती लॅबला जाते. रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावते, काम चांगलं करते. शाल मी शेजारणीला देऊन टाकली. नारळ खवून भाजीत घातला, नारळाने काय बिघडवलंय. पॅड कपाटावर आहेत. रविवारी ती अजून पुसते. सुनेला ते दिसतं.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. पोरींच्या खेळाला पाहुणे म्हणून बोलावलं तर वेळेवर जा. उशीर झालाच तर मागे कुठेतरी गुपचूप बसा. आणि खेळाच्या मध्ये तुमचं नाव पुकारलं तर कृपा करून उठू नका.