श्रूजबरीची मास्तरीणबाई

अमेरिकेत तळ्याकाठी धावताना समोरून येणारा प्रत्येक माणूस "गुड जॉब!" म्हणतो. तुम्ही धापा टाकत असा, लंगडत असा, नाहीतर नुसते बुटाची नाडी बांधायला बसलेले असा; गुड जॉब. सगळे हसून थँक्यू म्हणतात. मास्तरीणबाई थांबायची आणि विचारायची, "कसला जॉब? तुम्ही मला याआधी कधी धावताना पाहिलंत?" समोरचा बिचारा गोंधळून पुढे सटकायचा. फुकटचं कौतुक तिला अंगावर सांडलेल्या चहासारखं वाटायचं.

तिचं नाव आल्माझ. मास्तरीणबाई हे आम्ही, म्हणजे बॉस्टनजवळच्या श्रूजबरीतल्या मराठी लोकांनी, तिच्या माघारी ठेवलेलं नाव. इथिओपियात ती दोनदा दहा हजार मीटरची विजेती होती. युरोपात पदकं घेतली, मग इथल्या रस्त्यावरच्या शर्यतींसाठी अमेरिकेत आली. दोन-तीन वर्षं जिंकत होती, तोवर एजंट दर रविवारी फोन करायचा. टाच दुखावली आणि त्याला तिचा नंबर आठवेनासा झाला. २००४ साली मी तिला पाहिलं तेव्हा ती एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत चादरी धुवायची आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायची.

मी तेव्हा नागपूरहून नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. एम.एस्सी. झालेली, पण नोकरी करायची परवानगी नाही. प्रत्येकाने घरून एक पदार्थ न्यायचा अशा पॉटलकला गेलं की हमखास कोणीतरी म्हणायचं, "तुझं काय बाई, आराम आहे." त्या आरामाने माझं वजन अकरा किलो वाढलं होतं. म्हणून मी तळ्याकाठी धावायला लागले. चौथ्या दिवशी मास्तरीणबाई मागून आली, काही वेळ माझ्या मागे राहिली आणि म्हणाली, "तू धावत नाहीस. तू जमिनीशी भांडते आहेस." मग तिने मला दोन महिने फक्त चालायला लावलं. खांदे पाडून, तोंड मिटून. मध्ये एकदा मी मोठ्या आशेने विचारलं, आता थोडं बरं होतंय का? ती म्हणाली, "कमी वाईट."

हे कळल्यावर माझा नवरा प्रशांत आणि त्याचे तीन मित्र एका रविवारी हजर झाले. चौघांच्या छातीला ठोके मोजणारे पट्टे, मनगटावर मोठाली घड्याळं, कमरेला रंगीत पाण्याच्या बाटल्या. चंद्रावर निघाल्यासारखे दिसत होते. मास्तरीणबाईने एकाचं घड्याळ हातात घेऊन पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "दमलास की नाही, ते तुला हे सांगणार?" तिसऱ्या रविवारी कोणी आलं नाही. बाईला ॲटिट्यूड आहे, असं त्यांचं एकमताने ठरलं. घड्याळं मात्र ऑफिसला घालून जायचे.

तरी आमच्या मराठी मंडळाने तिला गणपतीत प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. चॅम्पियन आपल्या ओळखीची आहे, हे बॉस्टनच्या मंडळवाल्यांना दाखवायचं होतं. मंडळाचे अध्यक्ष देशमुखकाका, निवृत्त डॉक्टर. त्यांनी माइक हातात घेऊन तिला मुलांसमोर विचारलं की लहानपणी ती अनवाणी किती मैल धावत शाळेत जायची. मास्तरीणबाई म्हणाली, "माझे वडील शिक्षक होते. शाळा रस्त्याच्या पलीकडे होती. मी बूट घालून चालत जायचे आणि रोज उशिरा पोचायचे." मुलं खदखदून हसली. मोठ्यांना काय करावं कळेना. काका कसलेले, आभार मानताना त्यांनी तिची गरिबी, अनवाणी पाय आणि डोंगर हे सगळं ठरल्याप्रमाणे म्हणून टाकलं. परतताना गाडीत तिने मला विचारलं, "ह्या लोकांना माझे बूट का काढायचे आहेत?" पॉटलकमध्ये माझी पदवी अशीच काढून घेतली जायची, ते मला आठवलं.

२००७च्या ऑक्टोबरात ती शेवटची मोठी शर्यत धावली. न्यू हॅम्पशायरमधली मॅरेथॉन, सव्वीस मैलांची. वर्षभर टाच शेकत, चादरी धूत तिने तयारी केली होती. ही जिंकली तर युरोपातल्या शर्यतींची दारं पुन्हा उघडतील, असं तिने एकदाच, तेही भांडी विसळताना, मला सांगितलं होतं. मी तिला गाडीने घेऊन गेले आणि बाविसाव्या मैलाला पाण्याची बाटली घेऊन उभी राहिले.

माझ्या दिशेने आली तेव्हा बायकांमध्ये ती तिसरी होती, पण उजवा पाय फक्त चवड्यावर टेकत होता. माझ्यापासून दहा पावलांवर ती थांबली. दोन्ही बाजूंनी लोक ओरडत होते, हार मानू नकोस, तुला जमेल. एका बाईच्या हातात पाटी होती, "पोचलातच!" ती पाटी वाचून मास्तरीणबाई मला म्हणाली, "चार मैल राहिलेत. हिला मोजता येत नाही." मग ती फुटपाथवर बसली आणि बूट काढला. टाचेवर लिंबाएवढी सूज होती. एक स्वयंसेवक धावत आला. निदान चालत तरी पूर्ण करा, पदक मिळेल, असं अजिजीने सांगू लागला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाली, "गाडी आण."

दीड तासाने आम्ही घरी पोचलो. माझ्या स्वयंपाकघरात बसून वरणभात खाल्ल्यावर म्हणाली, "सोळाव्या वर्षापासून मी रोज उठल्यावर आधी पायांना विचारते, आज कसे आहात? उद्यापासून नाही विचारणार." आणि ताट धुवायला उठली.

दुसऱ्या दिवशी देशमुखकाकांचा फोन. एवढं नाव घेतलं होतं आपण तिचं, निदान पूर्ण तरी करायची, मुलांपुढे काय आदर्श राहिला, असं बरंच काही बोलले. मी आयुष्यात मोठ्यांना कधी उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, "काका, बावीस मैल तुम्ही कधी गाडीने तरी न थांबता गेलात का? मध्ये कॉफी लागतेच ना?" फोन त्यांनीच ठेवला. प्रशांत आठवडाभर माझ्याशी जपून बोलत होता.

मार्चमध्ये ती डेन्व्हरला बहिणीकडे गेली. मी तिला शेजारच्या वूस्टरच्या बसस्टँडवर सोडलं. तिकडे धावणार का, असं विचारलं, नाही म्हणाली. मी विचारलं, लोक तुझ्याबद्दल विचारतील, त्यांना काय सांगू?

"सांग, जिंकायची. मग थांबली. मध्ये काही घालू नकोस."

बॅग तिने मला उचलू दिली नाही. बस निघाली तेव्हा पाहिलं, तर ती मुद्दाम पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली होती. मी रडतेय हे तिला पाहायचं नव्हतं, की तिचं तोंड मला दाखवायचं नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही.