भिंतीवरची चिनी आजी

फुजैराच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीला चारच हुक होते आणि चारही चीनने अडवले होते. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याचे जुने साहेब नोकरी संपवून मायदेशी निघाले, तेव्हा आखातातल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी घरातलं सामान ओळखीच्यांत वाटून टाकलं. कुणी सोफा उचलला, कुणी वॉशिंग मशीन. माझा नवरा काचेच्या चार मोठ्या फ्रेम घेऊन घरी आला. आत जुन्या काळच्या चीनमधले काळे-पांढरे फोटो. रस्त्यात बसून गिऱ्हाइकाचं डोकं भादरणारा न्हावी, बांबूवर वाळत घातलेल्या शेवया, पक्ष्यांचे पिंजरे घेऊन चहाला बसलेले पुरुष, आणि उंबऱ्यात शेंगा सोलत बसलेली एक म्हातारी. मला वॉशिंग मशीन चाललं असतं.

"क्लास आहे," नवरा म्हणाला. साहेबांच्या हॉलमध्ये होते म्हणजे क्लास असणारच, वेगळा पुरावा कशाला हवा? कामावरून आला की आधी तो फ्रेम सरळ आहेत का ते बघायचा, मग बूट काढायचा.

त्याच वर्षी पुण्यात माझी आई गेली. माझा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी नवऱ्याच्या ऑफिसात पडलेला. रोज विचारलं की रोज एकच उत्तर, होईल, इन्शाल्ला. मी पोचले तेव्हा तेरावाही उरकला होता. भावाने आईचा एक फोटो मोठा करून घेतला होता, त्याची एक प्रत मला दिली. कपाळाला आठी आहे तिच्या त्यात. फोटोवाल्याने फार वेळ उभं केलं म्हणून वैतागलेली, अगदी होती तशी. ती फ्रेम मी विमानात मांडीवर धरून आणली.

आणली खरी, पण लावणार कुठे? काँक्रीटच्या भिंतीत साधा खिळा वाकतो, ड्रिलच लागतं, आणि ड्रिल असायचं नातूरकडे, म्हणजे बिल्डिंगच्या वॉचमनकडे. त्याने हात जोडले. "मॅडम, ओनर बोला है, नया होल खलास." बेडरूमला एकही हुक नव्हता.

मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, ती शेवयांची फ्रेम काढू या का?"

"अगं, सेट आहे तो. एक काढलीस की लुक गेला. आणि हॉलमध्ये लोक येऊन बसतात. गेलेल्या माणसाचा फोटो समोर असला की त्यांना ऑकवर्ड होतं."

"मग हा न्हावी काय जिवंत आहे?"

"ते आर्ट आहे," तो म्हणाला आणि पेपरात डोकं घातलं. आई कपाटात गेली, साड्यांच्या मागे. साडी काढायला कपाट उघडलं की ती आठी दिसायची आणि माझा दिवस तिथेच नासायचा.

पुढच्या थंडीत सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी म्हातारीकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण. मी म्हटलं, कुणी नाही, चीनमधली आहे, शोभेला लावलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर म्हातारीच्या काचेवर कुंकवाचं बोट. पूजा आटोपून सासूबाई तिला हात जोडत होत्या.

"अहो आई, ती आपली कुणी नव्हे."

"नसू दे. घरात भिंतीवर वडीलधारं बाईमाणूस असल्यावर तिला कोरडं कसं ठेवायचं?"

संक्रांतीला म्हातारीच्या खाली टीव्हीवर वाटीत तिळगूळ आला. मला वाटलं, हीच वेळ. मी कपाटातून आईला काढून सासूबाईंपुढे धरलं. म्हटलं, हिच्यापुढेही ठेवू या. त्यांनी फ्रेम हातात घेतली, पदराने काच छान पुसली आणि मला परत दिली.

"विहीणबाईंचा फोटो तुझ्या भावाकडे आहेच की. लेकीच्या सासरी कशाला टांगायचा? बरं दिसत नाही."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. कुठली कोण बाई, ना नात्याची ना गोत्याची, तिला कुंकू आणि तिळगूळ. जिने माझं बाळंतपण काढलं, ती बरी दिसत नाही. मी आईला उचलून पुन्हा साड्यांच्या मागे ठेवलं. बोलले असते तर तो तिळगूळ घरात कुणालाच गोड लागला नसता.

सासूबाई परत गेल्या आणि नवऱ्याला नवे साहेब आले. सिंगापूरचे, चिनी. नवऱ्याला आभाळ ठेंगणं झालं. लगेच जेवायला बोलावणं. ऑफिसातून फोन आला, "फोटोंवरून कापड फिरव हं. आम्ही निघतोच, यल्ला, आवर लवकर." मी कापड फिरवलं. म्हातारीची काच पुसायला तिला खाली उतरवलं आणि पुन्हा वर चढवलंच नाही. तिला कपाटात ठेवलं, आणि त्या हुकाला माझी आई लावली.

दोघं आले. मी सरबताचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर माझा नवरा त्या चिनी माणसाला चीन समजावून सांगत होता. साहेब सभ्यपणे माना डोलवत होते. न्हावी झाला, शेवया झाल्या, पिंजरे झाले. चौथ्या फ्रेमशी ते थांबले.

"अँड धिस लेडी?"

नवऱ्याने वर बघितलं. क्षणभर त्याचा चेहरा पडला, पण तेवढंच. "ओल्ड इंडियन फोटोग्राफ, सर. सेम स्टाइल."

तो फोटो आमच्याच लग्नातला. भावाने कडेचा भाग कापला नसता तर आईच्या शेजारी मुंडावळ्या बांधलेला हाच दिसला असता.

"माय मदर," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला.

साहेब ओशाळले. जवळ जाऊन त्यांनी नीट बघितलं, कपाळावरची आठीही बघितली असावी, कारण हसून म्हणाले, स्ट्रिक्ट होत्या वाटतं. मग नवऱ्याकडे वळून त्यांनी सहज विचारलं, "व्हॉट वॉज हर नेम?"

नवऱ्याने तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून तो तिला 'तुझी आई' म्हणत आला होता. मला सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. ट्रे धरून त्याच्याकडे बघत उभी राहिले, आणि साहेब उत्तराची वाट बघत होते.