भाऊबीजेला विचारलेला प्रश्न

वामन गेल्याचं मला टीव्हीवरून कळलं. खासदारांचं निधन, अशी पट्टी खालून सरकत होती आणि मी कॅम्प-१ या कामगार वस्तीतल्या माझ्या घरात मेथी निवडत होते. सगळी निवडून झाली, मगच उठले. सख्खा धाकटा भाऊ माझा, पण डोळ्यांतून टिपूस आलं नाही... लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

वामन आणि माझे यजमान एका खासगी रोलिंग मिलमध्ये एकाच पाळीत होते. एके दिवशी हे शेडवर चढले, कमरेचा सेफ्टी बेल्ट तुटला, आणि संपलं. चौकशीत वामननं जबानी दिली की भाऊजींनी बेल्ट लावलाच नव्हता. झालं, चूक मेलेल्या माणसाची ठरली! मालक खूश, आणि वामन युनियनचा नेता. पुढे नगरसेवक, मग रायपूरला आमदार, मग थेट दिल्ली. संसदेतलं त्याचं पहिलं भाषण मी मुद्दाम पाहिलं. मेरे जीजाजी म्हणत गहिवरला मेला, आणि म्हणाला की आमच्या कामगारांना बेल्टच देत नव्हते. बाकं वाजली. आधी म्हणे लावला नाही, आता म्हणे दिलाच नाही! दोन्ही खोटं, आणि दोन्ही वेळा माझ्याच माणसाच्या मढ्यावर पाय देऊन हा वर चढला.

भाऊबीजेला मात्र दरवर्षी यायचा. मी पाट मांडायची, निरांजन लावायची, आणि ताट हातात धरून विचारायची, "वामन, यायनं बेल्ट लावला होता का नाही? सांग, मंग ओवाळीन." तो उठून चालता व्हायचा. बाहेर फोटोवाले असत, म्हणून गाडीत बसून स्वतःच कपाळाला कुंकू लावायचा, असं त्याचा ड्रायव्हर सांगे.

गेल्या भाऊबीजेला तो आजारानं खंगला होता, दोघांनी धरून आणलं. पाटावर टेकल्यावर त्यानं दोघांना बाहेर पाठवलं आणि मी विचारायच्या आधीच बोलला.

"लावला होता, बाई. बकल मीच लावून देल्लं होतं."

जे ऐकायला इतकी वर्षं जीव टांगून बसले होते, ते ऐकलं... ताट उचललं, पण ओवाळलं नाही. मी म्हटलं, "बाहेर उभे हायेत त्यायच्यासमोर म्हण."

"आता नाही, बाई. पोराच्या तिकिटाचं सुरू हाय."

मी ताट खाली ठेवलं.

परवा तो पोरगा, माझा भाचा, आला. पाया पडला. तिकीट त्यालाच मिळालंय. म्हणाला, बाबांवर तूच लिही, पेपरच्या पुरवणीत आलं की त्याचंच पत्रक काढून कॅम्पात, हुडको वसाहतीत, मराठी माणसांच्या घरोघर वाटतो. मराठी वाचायचा त्याला भारी कंटाळा. लिहून झाल्यावर वाचून दाखवू का विचारलं, तर हसला.

"आत्या, आपने लिखा है तो अच्छा ही होगा. सीधा छपवा दूँगा."

हेच छाप, बाळा. एकही घर सोडू नको.