जास्वंदीच्या लाकडाचा गणपती

ही गोष्ट शेवटपर्यंत सांगायचं मी आजवर टाळलं. सौदीच्या गप्पा निघाल्या की मी ताइफच्या गुलाबांविषयी बोलायचो.

सौदीतल्या थुवाल गावी आमच्या शेजारी माझाच सहकारी, हॉलंडचा एक इंजिनिअर राहायचा. एकटाच. त्याला बालीच्या नव्या लाकडी शिल्पांचा भारी नाद. दर सुट्टीत तिकडे जाऊन कुणा कारागिराच्या अंगणात दिवसचे दिवस बसायचा आणि एकच वस्तू कपड्यांत गुंडाळून आणायचा. "जुनं कशाला घेऊ? करणाऱ्याशी हात मिळवता आला पाहिजे," म्हणायचा.

एका वर्षी त्यानं लाकडाची एक गाठ आणली. गाठ तशीच ठेवून कारागिरानं फक्त सोंड आणि एक कान काढला होता. लाकूड जास्वंदीच्या जातीचं आहे म्हटल्यावर बायकोनं हातच जोडले.

तो सुट्टीवर गेला तेव्हा किल्ली आमच्याकडे होती. "पुसायला फडकं कोरडंच घ्या," एवढं एकच त्यानं बजावलं होतं.

नेमके गणपती आले. एरवी आम्ही सुपारीचा गणपती बसवायचो. त्या वर्षी ती गाठच घरी आणून बसवली आणि तीन घरच्या मंडळींनी तिच्यापुढे दीड दिवस अशा आरत्या म्हटल्या, की टाळ्यांनी हात लाल झाले. मोदक फाटले, तरी एक उरला नाही.

निरोपाची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, "आता नेऊन ठेवू जागेवर."

"अहो, प्रतिष्ठा केलीय! विसर्जन न करता फडताळात ठेवायचा?" बायको म्हणाली.

एक बुडी द्यायची ठरली. बादलीत सोडला तर बाप्पा तरंगायलाच लागले. "यांना जायचंच नाही!" सगळे पोट धरून हसले. शेवटी मीच पोळपाट ठेवून वर कुकर ठेवला. हसण्याच्या आणि जेवणाच्या नादात तास गेला.

मग वाळवायला मी तो गच्चीवर सौदीच्या उन्हात ठेवला. संध्याकाळी सोंडेपासून तळापर्यंत बोट जाईल एवढी चीर होती.

इंजिनिअर परत आला. चिरेवरून अंगठा फिरवत राहिला. मी म्हणालो, "इथली हवा फार कोरडी." त्याला ते लगेच पटलं. "चूक माझीच. ओल्या देशातलं लाकूड मी इथे आणायला नको होतं."

पुढच्या सुट्टीत तो बालीला गेला आणि रिकाम्या हातानं आला. त्यानंतरही प्रत्येक वेळी तसाच. कारागिराला सांगून आलो, म्हणाला, की माझ्याकडे लाकूड जगत नाही.

नोकरी संपवून जाताना त्यानं तो गणपती आम्हालाच दिला. "तुझ्या बायकोला आवडतो ना."

आता तो नाशिकला आमच्याकडे दरवर्षी बसतो. विसर्जनाला नातवंडं त्याच्यावर दुर्वेनं एक थेंब शिंपडतात आणि बादलीची गोष्ट पुन्हा सांगायला लावतात. सगळं घर हसतं. तिथपर्यंतच मी सांगतो.

दरवर्षी त्या इंजिनिअरला पत्र लिहायला घेतलं आणि ठेवून दिलं. मागच्या वर्षी फोन केला, तर त्याच्या मुलीनं उचलला. ते गेले, म्हणाली. तिलाही मी नुसतं "चांगला माणूस होता" एवढंच म्हणालो.

म्हणायचं होतं ते असं: मित्रा, हवेचा काही दोष नव्हता, तुझाही नव्हता. तो मी बुडवला. मला माफ कर.