दौंडला बॉक्सिंगची जोड लागली

माझी सगळी पैलवानकी नारळावरच गेली. आमच्याकडं जत्रंच्या फडात आधी बारक्या पोरांच्या रेवडीवर कुस्त्या लागत्यात, मग नारळावर, मग पैशाच्या. मला मिशा फुटल्या तरी मी नारळावरच. आन् त्यो नारळ बी समोरचाच घिऊन जायचा. शाळंचं तोंड बघितलं न्हाई. बापानं मेंढरांमागं धाडलं तर मेंढरंच मला राखायची. अंगात गुण एकच, खायाचा. लगीन झाल्यावर तर अंग असं सुटलं का बायको म्हणायची, "दारात नका उभं ऱ्हाऊ, घरात अंधार पडतो."

तर निमोण्यावरनं सासूबाईंना दौंडला रेल्वेत बसवून द्यायला गेलो व्हतो. गाडी लेट. मेव्हणा दौंडलाच ऱ्हायचा, त्याच्या खोलीवर सासूबाईंना टेकवलं. मेव्हणा म्हणला, "चला दाजी, तवर मैदानात बॉक्सिंग हाय, बघून यीऊ." सासूबाईंसमोर बसून ऱ्हाण्यापरीस बॉक्सिंग बरी, म्हणून निघालो.

मांडवात चौथरा केलेला, चार खांब, चहूबाजूनं दोऱ्या. मला आपला गोठाच वाटला. आम्ही फुडं जाऊन बसलो. मेव्हण्यानं कोपरानं ढोसलं.

"त्यो टोपीवाला म्हातारा बघा, मांडीवर पिशवी घेतलेला. आमच्या शेजारचा. रेल्वेत रुळावर घण मारण्यात जिंदगी गेली त्याची. त्याचं पोरगं हे खेळतंय."

"मग बाप खूश आसंल."

"कशाचा? म्हणतो मारामारी बास. सोमवारपासनं कुरकुंभच्या कंपनीत चिकटवतोय त्याला. बारा तासाची ड्यूटी, मग कुठली प्रॅक्टिस? पोरगं पाया पडलं, म्हणलं एकदा माझी लढत बघा, मग सांगाल ते ऐकतो. म्हणून आज म्हातारा पहिल्यांदा आलाय."

तेवढ्यात त्याच पोराचं नाव पुकारलं. दोऱ्या वर करून आत आलं. वीस-बावीसचं आसंल, पण अंगानं वाळल्या शेंगंगत. समोरच्याचं नाव दोन-तीनदा पुकारलं. कोणीच येईना. मग पांढऱ्या कपड्यातल्या सरांनी पोराचा हात धरून वर केला. पोरगं हात तसाच वर ठिवून दोऱ्यांच्या कडंकडंनं फिरायला लागलं, माणसांत कुणाला तरी हुडकत.

आता आमच्या फडातली रीत सांगतो. ज्या पैलवानाला जोड न्हाई, त्यो हात वर करून रिंगण फिरतो. ज्याला वाटंल त्यानं उठायचं आन् त्याच्या हातात हात द्यायचा. हात दिला का जोड पक्की. मी मनात म्हणलं, एवढंसं पोर! आज नारळ आपलाच.

उठलो, दोरीतनं हात घातला आन् त्याचा हात धरला.

मेव्हण्यानं मागनं शर्ट वढला. "दाजी! अवो त्यो जिंकलाय!"

"कुस्ती लागायच्या आधीच?"

"समोरचा आलाच न्हाई ना!"

"मग मी आलोय की."

मांडव फुटला हसून. सर धावत आले. "अहो, सोडा त्याला. इथं वजनाचे गट असतात. हा अठ्ठेचाळीस किलोचा आहे."

"आन् मी?"

कुणीतरी चावटपणानं मला काट्यावर उभं केलं. आजवर मी कांद्याच्या काट्यावर गंमतीनं उभा ऱ्हायलेला तेवढंच. सर वाकून म्हणले, "ब्याण्णव."

"बारदान वजा करा की, सर," मी शर्टाची कडा धरून म्हणलं. कांद्याला गोणीचं वजन काढत्यात, मग माणसाला का न्हाई?

सर काय हसले न्हाईत. "उतरा खाली."

तर पोरगंच म्हणलं, "सर, एक राउंड द्या. दोस्तीतला. वडील आलेत माझे, असेच परत जातील."

सरांनी म्हाताऱ्याकडं बघितलं. त्यो पिशवी आवरत व्हता. मग माझ्याकडं बघितलं, बाजारात बैल बघावा तसं. म्हणले, "निकाल नाही. मला वाटेल तेव्हा थांबवीन. मामा, धरायचं नाही, पाडायचं नाही."

"मग करायचं काय?" मी इच्यारलं. पण तवर माझ्या हातात ते फुगीर मोजे चढले व्हते. डोक्यावर टोप घातला, त्यो कानाच्या खाली येईना. मला वर चढवायला तिघं लागले.

सवयीनं माती कपाळाला लावायला वाकलो, तर खाली नुस्तं कापड. शड्डू ठोकला, तर उशीवर बुक्की मारल्यागत आवाज. माणसं खुर्चीवरनं पडायची बाकी. मला बी चेव आला. गेल्या जन्मी आपण तमाशातला सोंगाड्या आसणार. मी कंबर हालवली, हवंत बुक्क्या मारल्या, पोरापास्नं पळालो. पोरगं बी हसाया लागलं. मला लाडानं मारल्यागत पोटावर टिचक्या मारायचं, पोट हालायचं, लोक शिट्ट्या मारायचे.

अशात माझी नजर म्हाताऱ्यावर गेली. सगळा मांडव हसतोय आन् त्यो एकटा हसत न्हाई. उठला. एका पायात चप्पल घातली, दुसरी बाकाखाली गेल्याली, ती पायानं चाचपत व्हता.

मी जन्मभर लोकांना हसवलं, पण कुणाचं वाटोळं करून न्हाई. ह्या पोराची एकच येळ, आन् ती माझ्या ढेरीपायी चालली.

मी त्याच्या अंगावर रेललो. सर वरडले, "धरू नका!" मी पोराच्या कानात म्हणलं, "आरं, खरं मार की. बाप चालला तुझा."

त्यानं मागं बघितलं न्हाई. नुस्तं हसू गेलं तोंडावरचं.

मग मी बी माझ्या आकलंनं लढलो. ब्याण्णव किलो घिऊन बैलागत आत घुसलो, त्याला कोपऱ्यात कोंडला, खांबाला चेपला. वाटलं, आता ह्यो कुठं जातोय. आन् त्यो माझ्या काखंखालनं कवा निसटला मला अजून कळलं न्हाई. वळतोय तवर नाकावर एक. डोळ्यांत पाणी. दुसरी बरगडीत. मी जिथं मारायचो तिथं त्यो नसायचाच. त्यो मारायचा तिथं मातुर मी शंभर टक्के आसायचो. एवढं मोठं दुकान, कुठं हालवणार?

एकदा माझा हात चुकून त्याला लागला. त्यो पार दोरीवर गेला. माणसं उठली. मी थांबलो, म्हणलं मेलं का काय. तर दोरीवरनंच उलटा आला आन् माझ्या पोटात असा हात घातला का सकाळची भाकर आठवली. मी बसलो. पडलो म्हणायला उंची लागती, मी नुस्ता बसलो.

सरांनी हात आडवा केला. आता कोणी हसत नव्हतं. टाळ्या वाजत व्हत्या.

म्हातारा दोऱ्यांजवळ आला व्हता. एक पाय अनवाणीच. म्या नाकाला मेव्हण्याचा रुमाल लावलेला.

"पाव्हणं, लागलं का लई?"

"न्हाई आबा."

"खरं सांगा. माझं पोर म्हणून नगा सांगू. त्याच्या हातात काय हाय का?"

एरवी मी काय तरी बोललो आसतो, चार माणसं हसली आसती. पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांत बघितलं आन् नाकावरचा रुमाल काढला. "आबा," म्हणलं, "मला आजवर लई जणांनी पाडलंय. पण मी उभा हाय तिथंच माझं काय चालंना, असं पहिल्यांदा झालं. तुमचा घण त्याच्या हातात उतरलाय."

म्हाताऱ्यानं आपल्या तळहाताकडं बघितलं. मग पोराकडं बघून म्हणला, "सोमवारी कुरकुंभला मी जातो. सांगतो त्यांला, दुसरा कुणी बघा."

पोराच्या तोंडात दात वाचवायची रबराची कवळी तशीच व्हती. दोरीला धरून नुस्ती मान हालवत ऱ्हायला.