एसटीडीवाल्या काकूचं स्टूल

फोन वाजायच्या आधीच काकू स्टूल बाहेर काढायची. लाकडी, तीन पायांचं. पदरानं पुसायची, शेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवायची आणि परत खुर्चीत जाऊन बसायची. मग फोन वाजायचा. कुणीतरी गेलेलं असायचं, नाहीतर दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत असायचं. एकदाही चुकलं नाही, देवाशप्पथ.

कनेरगाव नाक्यावर ढाब्यांच्या रांगेत तिचा एसटीडी बूथ होता. घरोघरी फोन नव्हते तेव्हाची गोष्ट. पुण्या-मुंबईला गेलेली माणसं तिच्याकडे फोन करून सांगायची, "आमच्या घरच्यांना बोलवा, थोड्या वेळानं परत करतो." काकू निरोप धाडायची. बोलावलेला माणूस बाहेर स्टूल आहे का ते लांबूनच बघायचा. नसलं की त्याची चालच बदलायची, हसत हसत आत यायचा. गोड बातमी काकू कुणाला बसून ऐकूच द्यायची नाही. "आनंदाचं उभ्यानं ऐकावं," म्हणायची. "वाईट बसून. माणूस पडलं तर जमीन जवळ पाहिजे."

"तुला आधी कसं कळतं गं?" असं कुणी विचारलं की चिडायची. "मला काय कळतंय डोंबलाचं! हात जातो. मी काय करू?" आणि बोलून झाल्यावर त्या हाताकडे अशी बघत बसायची, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

लोकांनी मात्र भलतंच धरलं. ढाबेवाल्या आबांचा पोरगा लांब गुजरातेत ट्रकवर होता. एकदा स्टूल बाहेर आलेलं पाहून आबा धावतच आले, ते उचललं आणि मागच्या विहिरीत भिरकावलं. "ठेवलंच न्हाई तर फोन येतच न्हाई!" असं ओरडून राहिले होते. फोन आला. त्यांचाच आला. आबांनी तो उभ्यानं ऐकला आणि पायरीवर असे कोसळले की कपाळ फुटलं. काकूनं दुसऱ्या दिवशी गळ टाकून स्टूल वर काढलं, उन्हात वाळवलं. "स्टुलाचा काय गुन्हा," एवढंच पुटपुटली.

तर अशा बाईच्या बूथवर मी बारावीनंतर अर्धवेळ कामाला लागले. खरं तर हिंगोलीच्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये ओळखीनं जागा चालून आली होती. कॉलेज उघडेपर्यंत बिनपगारी शिकायचं आणि हात बसला तर पुढं कॉलेज करत तिथंच नोकरी. पण एसटीचं भाडं पदरचं. काकूकडं पहिल्या दिवसापासून पगार, तोही घरापासून हाकेच्या अंतरावर. आमच्या घरी चार शेळ्या आणि दादांचे, म्हणजे वडलांचे, दुखरे गुडघे. दादा म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या मागं काहून लागून राहिलीस?" मला लॅब हवी होती, अगदी जिवापासून हवी होती. तरी तोंड पाडून बूथवर बसले. लॅबवाल्यांनी सोमवारपर्यंत वाट बघतो म्हणून सांगितलं होतं.

शनिवारी दुपारी काकू आत भाकरी खात होती आणि मी फोनचं मीटर पुसत होते. मधलं मला काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की स्टूल दाराबाहेर होतं, तांब्या भरलेला होता आणि माझी बोटं ओली होती. काकू आतून बघत होती. तिचा घास तोंडाशीच थांबला होता.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई, काकू. हात..."

"गप!"

आणि फोन वाजला.

आमच्याच गल्लीतल्या एका सुनेचा भाऊ गेला होता. ती आली, स्टुलावर बसून रडली आणि मी दाराला टेकून ओली बोटं ओढणीला पुसत राहिले. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ती गेल्यावर काकूनं माझा हात धरला, उलटापालटा करून पाहिला. "सोमवारी हिंगोलीला जायचं. इथं पुन्हा पाय ठेवायचा न्हाई."

"आन् पगार? दादा काय म्हणतील?"

"तुझ्या बापाला मी बघते. पोरी, मीबी इथं तात्पुरतीच बसले होते. दीर दुसरं माणूस बघेस्तोवर. एकदा हे अंगाला लागलं की खुर्ची सोडत न्हाई बघ."

तिनं दादांना काय सांगितलं देव जाणे. रविवारी संध्याकाळी त्यांनी स्वतःहून माझ्या हातात भाड्याचे पैसे ठेवले, पण हाताकडे बघितलं नाही.

लॅबमध्ये माझा हात बसला. कॉलेज झालं, नोकरी पक्की झाली. रक्त काढायला माणसाला बसवायचं स्टूल तिथंही होतं, पण माझा हात आपणहून कधी गेला नाही. सुटले बाई एकदाची, असं वाटायचं. पुढं मोबाइल आले, काकूचा बूथ ओस पडला, लाइन कापली गेली. तरी ती त्या मुक्या फोनपुढं बसून असायची. भेटायला गेले की आधी माझा हात ओढून घ्यायची.

"जातो का गं?"

"न्हाई काकू."

मग तिचा चेहरा निवळायचा आणि चहा टाकायला उठायची. माझ्यावर तिचा फार जीव होता.

एका उन्हाळ्यात काकू अंथरुणाला खिळली. रविवारी बघायला जायचं मी ठरवलं होतं. त्याआधीच्या एका दुपारी लॅबमधली गर्दी ओसरली होती. नळ बंद करताना माझ्या लक्षात आलं, माझ्या हातात पाण्यानं भरलेला ग्लास आहे आणि स्टूल भिंतीपासून पुढं ओढलेलं आहे. बसायला तर कुणीच नव्हतं. तेवढ्यात टेबलावरचा माझा मोबाइल वाजायला लागला. नाक्यावरून माझा भाऊ फोन करत होता.

मी आधी स्टुलावर बसले. मग फोन उचलला.