जमीन झाडून बसणारं अस्वल

दौलत गेल्याचा निरोप वडशाच्या बसच्या कंडक्टरनं दुकानापाशी बस थांबवून दिला, आणि मी त्या बिचाऱ्याची उलटतपासणीच घेतली. कोण दौलत, कोणत्या गावचा, तुला कोणी सांगितलं, सांगणारा शुद्धीवर होता का... आतली माणसं ओरडायला लागली तरी मी त्याला सोडेना. माझा स्वभावच असा. आरमोरीत मी चाळीसहून जास्त वर्षं शिलाई मशीन चालवली. लोक कापड बघतात, मी टाका बघतो. कुठं उसवलंय, कुठं झाकलंय, कुठं जोड दिलाय. बायको म्हणायची, तुम्ही देवाच्या पाया पडतानाही त्याच्या वस्त्राची शिवण बघता. खोटं नाही ते. पण त्या दिवशीच्या निरोपात कुठं जोड सापडला नाही. दौलत खरंच गेला होता. त्याला आता महिना होऊन गेला. हे लिहायला बसलो, कारण एक गोष्ट मी त्याच्यापासून आयुष्यभर लपवली, आणि तिचं काय झालं हे मला गेल्या आठवड्यात कळलं.

दौलत आमच्या शेजारच्या गावचा, धान पिकवणारा साधा शेतकरी. पण हिवाळ्यात धान कापून झालं, मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे दिवस आले, की तो वाघ व्हायचा. पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, सगळा चांदाच, म्हणजे आजचं चंद्रपूर. आमची एक दंडार होती, म्हणजे गावातल्याच माणसांची नाटकमंडळी. कपडे मी शिवायचो, वाघ दौलत करायचा. आता तुम्ही म्हणाल, वाघ म्हणजे पिवळे पट्टे, मिशा, शेपटी. छे. त्याच्याकडं एक जुनी घोंगडी होती, बस. मी हौसेनं एकदा पट्ट्यांचा झगा शिवून दिला होता, तो त्यानं घडी करून तसाच परत केला. मला राग आला. तेव्हा तो म्हणाला, "वाघ दाखवाचा नसते गा टेलर. लोकाईले त्याचा वास आला पायजे." पडद्यामागं बसून तो धानाची तणीस, म्हणजे वाळका पेंढा, हळूच ओढायचा. मोहफुलं वेचणारी बाई झालेला गडी बोलता बोलता मधेच गप्प व्हायचा. पुन्हा तणीस सरकायची, आणि मग पडद्याच्या कडेनं घोंगडीची नुसती पाठ एकदा सरकून जायची. संपलं. समोर बसलेले लोक कोण? ज्यांनी खराखुरा वाघ बघितलाय, ज्यांच्या घरातलं माणूस वाघानं नेलंय असे लोक. जंगलातल्या गावांतून चालत आलेले. ते श्वास रोखून बसायचे, बायका पोरांना मांडीत ओढायच्या. मी सगळं आतून माहीत असलेला माणूस, पण तणीस वाजली की माझीही पाठ ताठ व्हायची.

एका उन्हाळ्यात दौलत आठ-दहा दिवस गायब झाला. बहिणीकडं सिरोंच्याला गेलो होतो म्हणाला. मला तेव्हाच शंका आली. बहिणीकडून आलेल्या माणसाच्या मानेवर पुरळ कसं उठतं? कानामागच्या केसांत डिंक कसा चिकटतो? बहिणीच्या घरची एक तरी गोष्ट सांगशील की नाही? मी खोदून खोदून विचारलं, तर खाज आहे म्हणाला आणि विषय बदलला. त्याच सुमाराला वैनगंगेपलीकडच्या जंगलात कुठलीशी सिनेमा कंपनी ट्रक घेऊन उतरल्याची बातमी बाजारात होती. अर्धा माणूस आणि अर्धं अस्वल अशा काही तरी जनावराचा सिनेमा काढतायत म्हणे. दोन आणि दोन चार मला तेव्हाच करता आले असते. पण दौलत मला न सांगता कुठं जाईल हे मनाला पटेना, म्हणून मी नुसताच धुमसत राहिलो.

पुढच्या वर्षी मार्कंड्याच्या यात्रेत तंबूतला सिनेमा आला आणि त्यात तोच लागला. सिनेमाचं नाव मी घेणार नाही, घ्यावं असं ते नाहीच. दौलत, त्याची बायको पार्बता आणि मी, दिवेलागणीच्या खेळाला पुढं जमिनीवर बसलो. दहा मिनिटं झाली नसतील, जनावर बाहेर आलं. भर उन्हात, पडद्याच्या मधोमध, उभं राहून गुरगुरलं. पहिल्यांदा तंबू गप्प झाला खरा. पण मग ते तिथंच उभं राहिलं ना! माणूस घाबरायचं ते किती वेळ घाबरणार? हळूहळू सगळेच माझ्यासारखे झाले. कोणी पाय बघू लागला, कोणी शेपटी. माझी नजर तर कधीच बगलेत जाऊन बसली होती, तिथं गोणपाटाला केस चिकटवलेले सरळ दिसत होते आणि शिवण सुटली होती. मग ते मोहाच्या झाडावरून खाली उतरलं, तोंड आपल्याकडं करून. आमच्याकडच्या लहान लेकरालाही माहीत आहे, अस्वल झाडावरून पाठमोरं उतरतं. कॅमेऱ्यात तोंड दिसावं म्हणून कंपनीनं उलटं उतरवलं असणार. तंबूत पहिलं हसू फुटलं. आणि त्यानंतर ते जनावर नाल्याकाठी पाणी प्यायला बसलं... बसायच्या आधी त्यानं उजव्या पंजाच्या पाठीनं दोनदा जमीन झाडली.

जंगलात वावरणारा माणूस झाडल्याशिवाय बसत नाही. विंचू असतो, काटा असतो. हाताची सवय ती, वेश चढवला म्हणून जात नाही. पण नेमकं दोनदा, आणि तेही हाताच्या पाठीनं, असं झाडणारा माणूस मला एकच माहीत होता आणि तो माझ्या शेजारी बसला होता. तंबू फुटला हसून. मागून कोणी तरी ओरडलं, "अरे, त्याले सतरंजी द्या!" मग तर काय विचारता! माणसं लोळली. मी दौलतकडं बघितलं. तो हसत होता, सगळ्यांत मोठ्यानं. न हसलेला मी एकटाच.

बाहेर आल्यावर पार्बता पुढं चालत होती. दौलत माझ्याजवळ आला आणि इकडंतिकडं बघत म्हणाला, "काऊन गा, ओळखीचं वाटलं का थे अस्वल?"

मी म्हणालो, "नाई बा. नागपूरचा असंल कोनी."

आजपर्यंत मी स्वतःला सांगत आलो की मी दया म्हणून खोटं बोललो. आता या वयात कशाला लपवू? अर्धी दया होती, अर्धा रुसवा होता. आठ-दहा दिवस जाऊन आला, जनावर होऊन आला, आणि मला एका शब्दानं बोलला नाही? पुढं कळलं की कंपनीनं सगळ्यांना तंबी दिली होती, आत माणूस आहे हे फुटलं तर भीती जाईल म्हणून. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. आणि खरं सांगतो, तो गोणपाटाचा वेश भलत्याच कोणी शिवला होता, तेही माझ्या मनाला लागलं. तो मला फसवतो तर मीही त्याला ओळख देणार नाही, असा पोरकट हिशेब मी मनात केला.

त्या हिवाळ्यात दौलतनं वाघ सोडला. गुडघा दुखतो म्हणाला. मी त्याला बांधावरून धानाचा भारा डोक्यावर घेऊन उड्या मारत येताना बघत होतो, कसला गुडघा! दंडारीत वाघ दुसऱ्याला दिला. त्यानं माझा तो पट्ट्यांचा झगा घातला, मोठी डरकाळी फोडली, आणि लोक चिवडा खात राहिले. दौलत मागं पडदा ओढायला बसायचा. पुन्हा घोंगडीला त्यानं हात लावला नाही. मात्र दर एक-दोन वर्षांनी, बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानात बसला की सहज काढल्यासारखा विषय काढायचा, ते मार्कंड्याचं अस्वल आठवतं का म्हणून. मी मशीनवरून मान वर न करता विचारायचो, कोणतं? तो माझ्याकडं बघत राहायचा. याला माहीत आहे की काय, असं त्याच्या डोळ्यांत दिसायचं. याला कळलंय की मला माहीत आहे, असं मला वाटायचं. दोघं म्हातारे होईपर्यंत एकमेकांवर पाळत ठेवून बसलो... याला मैत्री म्हणायची!

नंतर मी तसले सिनेमे पुष्कळ पाहिले. तंबूत पाहिले, पुढं नातवंडांबरोबर घरच्या टीव्हीवर पाहिले. लोक म्हणतात, पैसा नसतो म्हणून ते फसतात. डोंबल! दौलतकडं काय होतं? एक घोंगडी आणि पेंढीभर तणीस. गरिबीनं काही बिघडत नाही, ती झाकायची घाई बिघडवते. नवा कोट शिवून घेतलेलं गिऱ्हाईक असतं ना, वैशाखात घाम गाळत बाजारभर तो मिरवतं, तसं या लोकांचं होतं. वेश शिवला ना, मग दाखवा, उन्हात दाखवा, चारी बाजूंनी दाखवा. बघणारा एकदा शिवण शोधायला लागला, की मग त्याला भीती कुठून वाटणार? तो आलेला असतो घाबरायला, आणि तुम्ही त्याला माझ्यासारखा शिंपी करून घरी पाठवता. लोक त्या दिवशी हसले तेव्हा आतून सगळेच हिरमुसले होते. यात्रेतून परत येताना बैलगाडीत कोणी त्या सिनेमाबद्दल बोलत नव्हतं.

गेल्या आठवड्यात पार्बताबाईंना भेटायला गेलो. चहा झाला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग त्यांनी एकदम विचारलं, "भाऊ, तुमी त्याईले ओळखलं होतं ना, मार्कंड्याले?"

मी आधी "कोणतं?" म्हणायला तोंड उघडलं होतं... सवयच लागली होती. पण त्यांच्याकडं बघून ते निघेना. हो म्हणालो.

त्यांनी कपबशा बाजूला सारल्या. मग सांगू लागल्या. शेवटच्या आजारात दौलतनं सगळं त्यांना सांगितलं होतं. लोक हसले, त्याचं त्याला एवढं काही नव्हतं. वेशच तसा होता, हसणारच. पण तो म्हणाला होता, टेलर कोणाला भीत नाही, तोंडावर बोलतो, स्वतःच्या शिवणीत चूक निघाली तरी बोलतो. तो हसला नाही, म्हणजे त्यानं ओळखलं. आणि ओळखूनही खोटं बोलला, म्हणजे माझं सोंग कीव करण्याइतकं वाईट झालं असणार. मग कशाला पुन्हा वाघ करायचा... असं त्यानं त्याच रात्री ठरवलं होतं. "तुमच्या दुकानातून आले का मनत, टेलर आजबी नाई बोलला," पार्बताबाई म्हणाल्या. "तुमी एक डाव शिव्या देल्या असत्या ना भाऊ, तरी चाललं असतं. काऊन नाई बोलले?"

मी रडलो, ते लिहायला मला लाज वाटत नाही. आम्हा सगळ्यांचा वाघ मी घालवला होता. त्या तंबूतल्या हसणाऱ्यांनी नाही, मी.

पार्बताबाई उठल्या आणि त्यांनी आतल्या खोलीचं दार लोटलं. त्याची बाज तशीच होती, उशाशी चष्मा, पायथ्याशी घडी घातलेलं पांघरूण. "आता सांगून टाका," त्या म्हणाल्या. मी बाजेपाशी उभा राहिलो. मोकळ्या खोलीत बोलायचं कसं ते कळेना. घसा खाकरून पुटपुटलो, दौलत, थे अस्वल तूच होता, मी पह्यल्याच खेळात ओळखलो होतो.

मागून पार्बताबाई म्हणाल्या, "जोरात बोला भाऊ. त्याईले आयकू कमी येत होतं."

मग मी जोरात बोललो.